हॉवरक्राफ्ट उलटतं, आणि इंधनही भरपूर पितं

‘इंग्रजांनी मुद्दाम मारलेलं जगातलं सर्वोत्तम वाहन’ अशा मथळ्याचा हॉवरक्राफ्टवरचा मेसेज पुन्हा फिरायला लागला आहे. त्यातले दावे असे: हे वाहन हवेवर तरंगतं म्हणून बुडूच शकत नाही, त्यात कधी एकही प्रवासी दगावला नाही, घर्षण नसल्यामुळे इंधन नाममात्र लागतं, इंग्लंड आणि फ्रान्समधली इंग्लिश खाडी 22 मिनिटांत पार करायचं, खाडीखालच्या रेल्वे बोगदावाल्यांनी ते बंद पाडलं आणि आता ते तंत्रज्ञानच नामशेष झालं. घरच्या ग्रुपवर तो आला, तेव्हा खाली एका वडीलधाऱ्यांनी लिहिलं होतं, ‘मग लाइफजॅकेट कशाला घालायचं?’ म्हणून हे लिहिणं भाग आहे, आणि सुरुवातही तिथूनच.

4 मार्च 1972 रोजी इंग्लंडमधल्या साउथसीच्या किनाऱ्याजवळ प्रवाशांनी भरलेलं एसआर.एन.6 जातीचं हॉवरक्राफ्ट वादळी वाऱ्यात उलटलं. 5 जण गेले. 30 मार्च 1985 रोजी ‘प्रिन्सेस मार्गारेट’ हे अजस्र हॉवरक्राफ्ट जोराच्या वाऱ्यात डोव्हर बंदराच्या लाटरोधक भिंतीवर आदळलं, त्याची एक बाजू फाटली आणि 4 प्रवासी मेले. या दोन्ही घटनांची नोंद आहे, शोधायला पाच मिनिटंही लागत नाहीत. ‘एकही प्रवासी दगावला नाही’ असं लिहिणाऱ्याने तेवढीही तसदी घेतली नाही.

आता कारण. हॉवरक्राफ्टला पाण्यात रुतलेला कणा नसतो, जमिनीवर पकड घेणारी चाकं नसतात. आडवा वारा आला की ते सरळ बाजूला सरकतं. चालकाला नाक वारा येतो त्या बाजूला तिरकं धरून चालवावं लागतं, आणि बंदराच्या अरुंद तोंडाशी त्याला हाताशी जागाच कमी असते. दुसरा धोका नाक खाली जाण्याचा. पंख्यांनी तळाखाली भरलेली हवा अडवायला कडेने लवचिक पडदा असतो, त्याला स्कर्ट म्हणतात. वेगात असताना पुढचा स्कर्ट पाण्याला घासला, तर पाणी त्याला मागे ओढून तळाखाली दुमडतं. तिथली हवा निसटते, नाक आणखी खाली जातं, ओढ आणखी वाढते. बाजूचा स्कर्ट असा दुमडला तर वाहन कलंडतं. इंजिन बंद पडलं तरी हॉवरक्राफ्ट तरंगतं, हे खरं. पण ते हवेमुळे नव्हे. त्याच्या तळात हवाबंद कप्पे असतात, म्हणून ते साध्या होडीसारखं पाण्यावर बसतं. होडी उलटते तसं तेही उलटतं. लाइफजॅकेट घालायचंच.

‘घर्षण नाही म्हणून इंधन नाही’ हे तर हिशेबातच बसत नाही. खाडीवरचं सर्वांत मोठं, लांबवलेलं एसआर.एन.4 घ्या: लांबी सुमारे 56 मीटर, रुंदी सुमारे 23, वजन 300 टनांच्या घरात, 418 प्रवासी आणि 60 मोटारी. हे वजन एवढ्या क्षेत्रफळावर पसरलं की चौरस मीटरला सव्वादोनशे-अडीचशे किलो दाब येतो. उभ्या माणसाच्या पावलाखाली याच्या कित्येक पट दाब असतो, म्हणूनच माणूस चिखलात रुततो आणि हॉवरक्राफ्ट रुतत नाही. पण हा दाब टिकवायचा कसा? कडेचा घेर जवळपास 160 मीटर. स्कर्टखाली फट फक्त 2 सेंटीमीटर धरली तरी ते तीन चौरस मीटरहून मोठं भोक झालं, आणि त्यातून हवा ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगाने बाहेर पडत असते. पंख्यांनी ती क्षणभरही न थांबता भरत राहायची. शिवाय हवेच्या गादीच्या दाबाने खालचं पाणी वीतभर खचतं. कमी वेगात तो खळगा आपल्यापुढे लाट उभी करतो आणि ती लाट ओलांडायला जादा जोर लागतो. हे सगळं ओढायला एसआर.एन.4 वर चार प्रोटियस गॅस टर्बाइन होत्या, प्रत्येकी 3,800 अश्वशक्तीच्या. म्हणजे 15,200 अश्वशक्ती. याला कुणी नाममात्र म्हणणार असेल तर म्हणो.

खर्च इंधनावरही थांबत नाही. स्कर्टची खालची झालर म्हणजे रबर चढवलेल्या नायलॉनच्या, शेजारी शेजारी लोंबणाऱ्या पट्ट्या. त्यांना ‘फिंगर’ म्हणतात. त्यांची टोकं पाण्यावर सतत फडफडतात. आधी कडेचं रबर नायलॉनपासून सुटतं, मग उघडे पडलेले धागे पिंजतात, मग टोकच झडतं आणि फट वाढते. एकेक फिंगर सोडवून बदलता येतं, पण ते काम कधी संपतच नाही.

22 मिनिटांचं अर्धसत्य मान्य करायला हवं. 14 सप्टेंबर 1995 रोजी ‘प्रिन्सेस अ‍ॅन’ने तो विक्रम खरंच केला. पण विक्रम म्हणजे वेळापत्रक नव्हे; एरवीची फेरी अर्ध्या तासाच्या पुढेच जायची.

बोगद्याबद्दलही थोडं तथ्य आहे. 1994 मध्ये तो सुरू झाला आणि गिऱ्हाईक गेलं. पण 1999 मध्ये युरोपीय संघातल्या प्रवासावरची करमुक्त विक्री बंद झाली, तिच्यावर खाडीवरच्या फेऱ्यांची मोठी कमाई होती. हॉवरक्राफ्टं तोवर तिशीला टेकलेली होती. मोटारी नेणाऱ्या वेगवान कॅटामरान, म्हणजे जोडतळाच्या बोटी, आल्या होत्या. 1 ऑक्टोबर 2000 रोजी सेवा थांबली ती या सगळ्यामुळे. कट वगैरे काही नाही.

आणि ‘नामशेष’? साउथसी ते आइल ऑफ वाइट बेटावरचं राइड ही हॉवरक्राफ्टची प्रवासी सेवा 1965 पासून आजही चालू आहे. फेरी सुमारे 10 मिनिटांची. हे एकच उदाहरण हॉवरक्राफ्ट कुठे परवडतं तेही सांगतं. राइडला ओहोटीत वाळू लांबवर उघडी पडते, म्हणून बोटींसाठी तिथे 1814 मध्येच लांबलचक धक्का बांधावा लागला आणि पुढे तो वाढवून जवळपास 680 मीटरचा करावा लागला. बोटीचे प्रवासी त्या धक्क्याच्या टोकाला उतरतात. हॉवरक्राफ्ट त्याच वाळूवरून थेट किनाऱ्यावर येऊन बसतं. आता तिथे टर्बाइनऐवजी डिझेल इंजिनांची ग्रिफन 12000टीडी जातीची हॉवरक्राफ्टं चालतात. निघण्याआधी प्रवाशांना लाइफजॅकेट कुठे आहे आणि कसं घालायचं, हे तिथेही सांगतात.