कात्री आली, कॅप्सूलचं काय?

'सिकलसेल आता कायमचा बरा!' हे फॉरवर्ड आपल्या विदर्भातल्या ग्रुपांवर पुन्हा फिरायला लागलंय. (सिकलसेल म्हणजे हिमोग्लोबिनच्या जनुकातल्या बिघाडामुळे होणारा आनुवंशिक रक्ताचा आजार.) बातमी खोटी नाही. क्रिस्पर या जनुकीय कात्रीवर आधारलेल्या 'कॅसजेव्ही' उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने मान्यता दिली. काम थोरच आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण उपचार होतो कसा, हे फॉरवर्डमध्ये नसतं. रुग्णाच्याच मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यावर कात्री चालवायची, मग केमो देऊन जुनी अस्थिमज्जा साफ करायची आणि त्या पेशी परत सोडायच्या. कित्येक आठवडे दवाखान्यात. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. धडगाव नाहीतर एटापल्लीसारख्या दुर्गम आदिवासी तालुक्यातल्या माणसाने हा आकडा वाचून करायचं काय?

आणि गंमत बघा, मूळ बिघाड ही कात्री दुरुस्त करतच नाही. गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळजवळ बंद होतं. कात्री त्यावरचं कुलूप काढते. ते वाढलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकायच्या कमी होतात.

आता हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल घ्या. स्वस्त, जुनी. अमेरिकेत १९९८ पासून सिकलसेलसाठी मान्य. तीही मुख्यतः हेच हिमोग्लोबिन वाढवते! कात्रीइतकं नाही, रोज घ्यावी लागते, अधूनमधून रक्त तपासावं लागतं. पण दुखण्याचे झटके कमी होतात, रक्त चढवायची वेळ कमी येते. तिच्यावर कुणी फॉरवर्ड काढत नाही.

त्याआधी तपासणी. बोटातला रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकतात. मागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसल्या तर ठीक, गढूळपणामुळे दिसेनाशा झाल्या तर सिकल आहे. पण वाहक (एकाच पालकाकडून दोष आलेला, सहसा त्रास नसलेला) की रुग्ण (दोन्हीकडून आलेला), हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली चाचणी लागते. सगळं घोडं अडतं ते इथे. दुसरा रिपोर्ट येईपर्यंत माणूस वीटभट्टीवर नाहीतर ऊसतोडीला गेलेला असतो. (लग्नाआधी दोन्हीकडचे रिपोर्ट बघा म्हटलं की फक्त मुलीचाच बघतात, तो वेगळाच संताप.)

आपल्याकडेही काम चाललंय. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या सरकारी संशोधन संस्थेने 'बिरसा १०१' ही देशी क्रिस्पर थेरपी तयार केली आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं. किंमत उतरेल, मला खात्री आहे. पण स्वस्त झाली तरी मज्जा साफ करायची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल लागणारच, आणि ते तालुक्याला नसतं.

जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट, २०४७ पर्यंत निर्मूलन. तपासण्यांचे आकडे जोरात छापून येतात. माझं मागणं एवढंच, की त्याशेजारी आणखी एक रकाना छापा: सापडलेल्या रुग्णांपैकी किती जण सहा महिन्यांनंतरही कॅप्सूल घेतायत? जिल्हावार.