येईल हं, टपालानं!

जर्मनी म्हणे तंत्रज्ञानाचा देश. मग इथं सगळं टपालानं का येतं? टॅक्स आयडी? टपालानं. बँकेचं कार्ड? टपालानं. त्याचा पिन? वेगळ्या पाकिटात, वेगळ्या दिवशी, टपालानं! आणि खालच्या पेटीवर आडनाव नसेल, तर पाकीट आल्या पावली परत.

घर बदललं की १४ दिवसांत पत्ता नोंदवा, असा कायदा. बरं. अपॉइंटमेंट कधीची? दीड महिन्यानंतरची! मग मी कायदा पाळू कसा, कार्यालयाच्या खिडकीतून उडी मारून? नोंदणी नाही म्हणून टॅक्स आयडी नाही, तो नाही म्हणून पगारातून सर्वांत चढ्या दरानं कपात. "नंतर परत मिळतील हो!" मिळतील, पण या महिन्याचं भाडं काय घरमालकाला आश्वासनात देऊ?

व्हिसाच्या कार्यालयाला ईमेल केला. लगेच उत्तर: कृपया ईमेल करू नका. फोन? उचलतंय कोण! फॅक्स मात्र चालेल म्हणे. फॅक्स! आमच्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्यानंसुद्धा ते यंत्र कधीच भंगारात घातलं.

एकच खातं भलतं तत्पर. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. घरात टीव्ही नाही, रेडिओ नाही, जर्मन बातम्यांतलं निम्मं डोक्यावरून जातं, तरी दरमहा १८.३६ युरो काढा. पत्ता नोंदवला रे नोंदवला, की यांचं पाकीट पेटीत हजर! यांना बरी नाही लागत अपॉइंटमेंट?