पेडल कडक झालं म्हणून पेढे वाटू नका

"जुन्या पिकअपचा ब्रेक खाली जातोय? मेकॅनिकला पैसे देऊ नका, हे घरगुती उपाय करा," असा मेसेज महिनाभर आमच्याकडं फिरतोय. मी तो सोडून दिला असता. पण आमच्या दाजींनी त्यातलं करून बघितलं. तुळजापूरकडनं कांदा भरून सोलापूरच्या मार्केट यार्डात येणारा माणूस, पंधरा वर्षांची गाडी. घाट उतरला तोवर पुढच्या दोन्ही चाकांतनं जळका वास.

दाजींनी केला तो पहिलाच उपाय असा: "ब्रेक ऑइल कमी झालं तर इंजिन ऑइल टाका. तेल ते तेलच. चार दिवसांत पेडल कडक होईल."

होतंय की कडक! का होतं ते ऐका. ब्रेक ऑइल नावालाच ऑइल. ते ग्लायकॉलच्या जातीचं आणि आतले रबरी कप त्यालाच सोसणारे. खनिज तेल लागलं की कप फुगतात. पेडलवरचा पाय काढला की मास्टर सिलिंडरमधला, म्हणजे पेडलनं ऑइल दाबणाऱ्या मुख्य पंपातला, दाब एका बारक्या भोकातनं वरच्या डबीत सुटायला पाहिजे. फुगलेला कप ते भोकच झाकून बसतो. मग पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही, चाक धरणारे लायनर-पॅड घासत राहतात, चाक तापतं, ऑइल उकळून वाफ होते. वाफ दाबली की दबते, आणि कालचं कडक पेडल आज फळीला टेकतं. मेसेजवाल्यानं रोगाचं लक्षण गुण म्हणून सांगितलंय.

"आमचे आजोबा टाकायचे" म्हणणाऱ्यांनी डब्यावरचं डॉट ३ वाचावं. ती प्रत अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानक क्रमांक ११६ मधली. कोरं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळावं, ओल धरलेलं निदान १४० ला. शिवाय रबरी कप त्या ऑइलात ठेवून किती फुगतो तेही मोजतात. म्हणजे दाजींच्या गाडीत जे झालं त्याचीच परीक्षा!

आणि मुळात ऑइल गेलं कुठं? ते इंजिन ऑइलसारखं जळत नाही. लायनर झिजले की डबीतली पातळी थोडी उतरते. त्याहून जास्त उतरली तर गळती शोधा. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली की बहुतेक व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातला लायनर ढकलणारा सिलिंडर, गळतोय.

"दोनदा पंप केल्यावर लागतो, म्हणजे ब्रेक ठीक आहे." ठीक नाही. पंप केल्यावर पेडल वर येतं म्हणजे लाइनीत एअर आहे, नाहीतर मागचे लायनर सैल आहेत. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातं? मग गळती, नाहीतर मास्टर सिलिंडर गेलं.

लायनर पॉलिश पेपरनं घासायचं, हे मेसेजातलं मात्र अगदीच खोटं नाही. चकाकी आली असेल तर घासल्यानं पकड थोडी सुधारते. ऑइल मुरलेला लायनर कितीही घासा, टाकूनच द्यावा लागतो. आणि ती धूळ तोंडानं फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

तापलेल्या ड्रमवर पाणी ओतणं, घाटात न्यूट्रल करणं, यावर मी बोलतच नाही. ड्रमला तडा जातो, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन गाडी धरत नाही. झालं.

दाजी अजून म्हणतात, "अहो, पण कडक तर झालं होतं ना!" गाडी होटगी रोडच्या गॅरेजात चारी चाकं काढून उभी आहे. मास्टर सिलिंडर, पॅड दाबणारं कॅलिपर, व्हील सिलिंडर, ऑइलची होज (रबरी नळी), सगळं रबर नवं आणि लोखंडी पाइप धुवायचे. कांदा तोवर भाड्याच्या गाडीनं.