मूर्ती साडेपाच फुटी

मेहुणा उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रमात आठ दिवस राहून आला आणि माझ्या मागे लागला. "भावोजी, मातीचा लेप घ्या. कंबर आहे की नाही तेच विसराल!" आश्रम गांधीजींनी १९४६ साली सुरू केला, तिथली माती चाळून, भिजवून, गार करून लावतात, वगैरे. कंबर विसरायची माझी फार इच्छा आहे. पण आठ दिवसांची रजा मागितली तर ऑफिसच मला विसरेल. म्हणून ठरवलं, घरीच.

पहिला प्रयोग मुलतानी मातीचा. वाण्याकडून दोनशे ग्रॅमची पाच पाकिटं आणली, घमेल्यात ओतली आणि वरून तांब्याभर पाणी. गुठळ्या! बाहेरून बुळबुळीत, फोडल्या तर आत कोरडी पूड. या मातीचा वरचा थर पाणी पिऊन असा फुगतो की आतल्या मातीपर्यंत थेंब पोचू देत नाही. अगदी आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखी. हिने दारातूनच निदान केलं. "जन्मात कधी पिठलं केलंयत का? पाण्यात पीठ पेरायचं असतं, पिठावर पाणी ओतायचं नसतं." शिवाय एवढ्या मातीत जेमतेम डाव्या पायाची सोय झाली.

मग परळला जाऊन शाडू बघितली. गणपती महिन्यावर आलेले.

"मूर्ती केवढी करणार?" दुकानदाराने विचारलं.

"साडेपाच फूट," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"उभी का बसलेली?"

"आडवी."

"म्हणजे शेषशायी! साहेब, एवढी शाडूत नका करू. वाळताना आकसते, तडे जातात. घरगुती आहे का?"

मी म्हटलं, अगदीच घरगुती. दहा किलो घेऊन आलो. ती चारमजली चढवताना कंबरेचं जे झालं, त्यावर खरं तर वेगळा लेप हवा.

या खेपेला घमेल्यात आधी पाणी, त्यावर मूठमूठ माती पेरली आणि रात्रभर हात लावला नाही. सकाळी वाटी-वाटीने प्रमाण बसवत गेलो. ताकासारखी झाली, ती पाठीवरून थेट न्हाणीत गेली. पुरणासारखी केली, तर हाताची सुटेना. श्रीखंडावर आली तेव्हा जमलं. आमचं बाथरूम चार बाय चार, त्यामुळे शेषशायीचा बेत रद्द. गुडघे पोटाशी घेऊन पाटावर बसलो. पहिली दहा मिनिटं काय सांगू! उन्हातून आलेल्याला माठातलं पाणी मिळावं तसा पाठीला गारवा.

अकराव्या मिनिटाला दुकानदाराचे शब्द खरे व्हायला लागले. माती आकसू लागली आणि छातीवरचा प्रत्येक केस आपापल्या दिशेने ओढू लागली. हसायचीही सोय नाही, गालाला तडे. तेवढ्यात बेल. ही दूध आणायला गेलेली. टॉवेल गुंडाळून दार फटभर उघडलं, तर खालच्या मजल्यावरचे शेजारी.

"अहो, तुमच्या बाथरूमखालून आमच्याकडे राखाडी काहीतरी ठिब..." त्यांनी वर पाहिलं. वाक्य राहिलं तिथेच. सवयीने त्यांचे हात छातीपर्यंत आले, मग सावरून ते म्हणाले, "येतो नंतर."

सात वाजले, पाणी गेलं. उरल्या दोन बादल्या. पाठीवरची जमेल तेवढी खरवडून घमेल्यात परत टाकली, बाकीची न्हाणीत. माती पाण्यात विरघळते हा माझा समज. ती नुसती पसरते आणि सवड मिळाली की तळाशी बसते. माझी जाळीखालच्या भांड्यात बसली. प्लंबरने हात घालून राखाडी लगदा बाहेर काढला, हुंगला आणि विचारलं, "काका, विसर्जन इथंच केलंत?"

उरलेलं घमेलं त्याच शेजाऱ्यांच्या मुलीने नेलं, शाळेत शाडूच्या मूर्तीची कार्यशाळा होती म्हणून. चौथ्या दिवशी ती दाखवायला आली. गणपती राहिला होता, पण उंदीर झकास जमला होता.

"मिशा कशाच्या केल्यास गं? अगदी खऱ्या वाटतात."

"मी नाही केल्या काका," ती म्हणाली, "मातीतच होत्या."