शरण यायचं बटण कुठाय?

पाटीवर कुठली भाषा आहे हे बेळगावच्या माणसाला लांबूनच दिसतं. शेजारच्या येळ्ळूर गावच्या ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेल्या फलकावरून २०१४ साली काय झालं ते इथं कुणाला सांगायला नको. म्हणून २००९ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ या लढाईच्या व्हिडिओ गेममधल्या कराचीत दुकानांवर अरबी पाट्या बघितल्या तेव्हा मला हसू आलं, आणि रागही. कराचीत दुकानावर अरबी पाटी कोण लावतो हो? बंदुकीचा खटका न् खटका हुबेहूब करणाऱ्यांना उर्दू जाणणारा एक माणूस विचारायला सापडला नाही. मला पाकिस्तानचा पुळका आलाय असं कुणी समजू नका. जिथं घुसून मारायचंय त्या गावाची एवढीही फिकीर नसेल तर तिथल्या माणसांची काय असणार?

मुळात शत्रू कोण, हे गल्ला बघून ठरतं. ‘होमफ्रंट’ (२०११) मध्ये अमेरिकेवर चाल करून येणारा देश आधी चीन ठरला होता, नंतर उत्तर कोरिया झाला. चीनमध्ये गिऱ्हाईक आहे, प्योंगयांगमध्ये नाही. २०१९ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’नं तर कडी केली. १९९१ मध्ये कुवेतहून बसऱ्याकडं माघार घेणाऱ्या इराकी ताफ्यांवर अमेरिकेच्या आघाडीनं बॉम्ब टाकले आणि त्या रस्त्याला ‘हायवे ऑफ डेथ’ नाव पडलं. गेममध्ये त्याच नावाचा रस्ता एका काल्पनिक देशात आहे आणि तिथं बॉम्ब टाकणारे रशियन! आपलं बिल शेजाऱ्याच्या खात्यावर.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. (गेममुळं पोरं बिघडतात, ही नव्हे. ते रडगाणं आमच्या वेळी व्हिडिओ पार्लरबद्दल होतंच.) या गेममधला शत्रू शरण येत नाही. भाच्याला विचारलं तर म्हणाला, “त्येनं हात वर केल्यावर मी काय करायचं ओ मामा? गेम थांबतंय की!” बनवणाऱ्यांचं कारणही हेच असावं. कैदी आला की वेग मोडतो.

आपल्या गावात मराठा सेंटर आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं. कॅम्पात, गणेशपुरात, आजूबाजूच्या खेड्यांत घरटी नाही तरी गल्लीगणिक एक फौजी पेन्शनर भेटतो. त्यांच्याकडून जमालपूरची लढाई ऐका, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातली, म्हणजे आजच्या बांगलादेशातली. डिसेंबर १९७१. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, तिथं लढली. ब्रिगेडियर हरदित सिंग क्लेर यांनी वेढ्यातल्या ३१ बलूच या पाकिस्तानी पलटणीच्या लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदला चिठ्ठी धाडली की शरण या. त्यानं उत्तर लिहिलं, कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली आणि सुनावलं की लेखणी सोडा, स्टेनगन घेऊन समोर या. ११ तारखेला जमालपूर पडलं. पुढं १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली आणि ९३ हजारांच्या आसपास युद्धकैदी आले. सुलतान अहमदचा किस्सा सांगताना पेन्शनरांच्या तोंडी तिरस्कार नसतो. “गडी बहाद्दर होता,” म्हणतात. ज्यांच्यावर खऱ्या गोळ्या सुटल्या ते असं बोलतात. सोफ्यावर बसून लढणाऱ्याला मात्र समोरचा म्हणजे नुसतं हलणारं टार्गेट.

जमत नाही असंही नाही. ‘स्वॉट ४’मध्ये (२००५) शरण आलेल्याला मारलं की गुण कापले जातात. पोलिसी गेम आहे, मान्य. पण ‘आर्मा ३’ तर पक्का लष्करी, आणि त्यात २०१७ मध्ये युद्धाच्या कायद्यांवर अख्खा भाग आला.

आपल्याकडं २६ जानेवारी २०२१ ला ‘फौजी’ गेम आला, गलवानवर. देशभक्तीचा गाजावाजा मोठा, पण समोरचा चिनी सैनिक तसाच, ना नाव ना तोंड. नक्कल करायची तर तीही दुसऱ्यांच्या खोडीची?

बेळगावात इंजिनिअरिंग कॉलेजं काय कमी आहेत? कुणीतरी जमालपूरवर गेम करा. चिठ्ठी नेणारा दाखवा, सुलतान अहमदला नाव द्या, चांगले संवाद द्या. लढाई मात्र अवघड ठेवा. आणि हात वर केलेल्यावर गोळी झाडली, तर मिशन फेल, पलटणीतून नाव कट. पहिली कॉपी मी विकत घेतो.