तिकडे सगळे आयफोनच वापरतात ना?

दर सप्टेंबरला ॲपलचा कार्यक्रम झाला की आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर तेच भांडण नव्याने सुरू होतं. एक पार्टी म्हणते आयफोन म्हणजे नुसता शोऑफ, हप्त्यांवर घेतलेला रुबाब. दुसरी म्हणते आधी वापरून बघा मग बोला. तिसरा कुणीतरी चायनीज फोनचे आकडे आणून ओततो, एवढे मेगापिक्सेल, एवढी बॅटरी, एवढ्या मिनिटांत चार्ज, आणि मग हमखास मला टॅग करून विचारतात की तू सांग बाई, अमेरिकेत सगळे आयफोनच वापरतात ना? म्हणजे मी अमेरिकेत राहते म्हणून साक्षीदार.

वापरतात. अगदी सगळे नाही पण निम्म्याहून जास्त लोक वापरतात, आणि भारतात संख्येने बघितलं तर जेमतेम दहातला एक. पण यावरून ग्रुपवर जो निष्कर्ष निघतो ना, की बघा, जिथे लोकांकडे पैसा आहे आणि सगळं मिळतं तिथे लोक आयफोन निवडतात, म्हणजे तोच सगळ्यात भारी, तो मला अजिबात पटत नाही. कारण "सगळं मिळतं" हेच खोटं आहे. प्रीमियम फोनच्या बाबतीत भारतातल्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त चॉइस आहे.

इथे अमेरिकेत फोन घ्यायला बहुतेक लोक मोबाइल कंपनीच्या, म्हणजे इथल्या भाषेत कॅरिअरच्या दुकानात जातात. काउंटरवरचा मुलगा कुठला फोन हवा हे नंतर विचारतो, आधी विचारतो सध्या कुणाकडे आहात, घरात लाइन किती, जुना फोन काय देताय. मग म्हणतो हा नवा फोन तुम्हाला फुकट. फुकट कसा ते महिन्याच्या बिलावर दिसतं. एक ओळ फोनच्या हप्त्याची, त्याच्या खाली वजा करून तेवढीच रक्कम क्रेडिट, आणि हे असं काही कंपन्यांकडे छत्तीस महिने चालतं. मधेच कंपनी बदलली की वजाची ओळ बंद, हप्त्याची ओळ तशीच, उरलेले सगळे पैसे एकदम भरा. शिवाय फोन फेडून होईपर्यंत सहसा लॉक असतो, दुसऱ्याचं सिम चालत नाही. म्हणजे तीन वर्षं त्या माणसासाठी बाजारातली सगळी स्पर्धा संपली. फोनची खरी किंमत त्याला बऱ्याचदा माहीतही नसते, महिन्याचा आकडा तेवढा माहीत असतो. भारतात कसं, फोन वेगळा आणि सिम वेगळं, हप्ते असले तरी ते बँकेचे, उद्या नंबर पोर्ट केला तरी फोनला काही फरक पडत नाही. ही गोष्ट इतकी सवयीची आहे की तिकडे कुणाला हा फायदा आहे असं वाटतच नाही.

बरं त्या दुकानातल्या भिंतीवर काय असतं? ॲपल, सॅमसंग, गूगलचा पिक्सेल, आणि खालच्या बाजूला मोटोरोला. संपलं. शाओमी नाही, विवो नाही, ओप्पो नाही, ऑनर नाही. वनप्लस मिळतो पण तो आपला आपण ऑनलाइन शोधून घ्यायचा. एलजी होती, तिने २०२१ मधे फोनचा धंदाच बंद केला. आणि हुआवे या चिनी कंपनीची गोष्ट तर बघण्यासारखी आहे. जानेवारी २०१८ मधे त्यांचा मेट १० प्रो हा फोन इथली मोठी कॅरिअर एटी अँड टी विकणार होती, लास वेगासच्या मोठ्या प्रदर्शनात घोषणा व्हायची होती आणि ऐनवेळी एटी अँड टीने अंग काढून घेतलं. तोपर्यंत फोन विकायला कायद्याने बंदी नव्हती हां, पण कॅरिअर नाही म्हणाला की इथे फोन विकला जात नाही. मग मे २०१९ मधे अमेरिकन सरकारने हुआवेला काळ्या यादीत टाकलं, पुढच्या फोनमधून गूगलची ॲप्स गेली, युरोपात चाललेला त्यांचा चांगला धंदा त्यात बसला. २०२२ मधे तर हुआवेच्या नव्या उपकरणांना इथे परवानगीच बंद झाली. सुरक्षेची भीती खरी की वाढवलेली यावर मी वाद घालणार नाही, ते माझं क्षेत्र नाही. मी एवढंच म्हणतेय की एक तगडा स्पर्धक इथल्या गिऱ्हाइकाने नापास केला नाही, तो गिऱ्हाइकापर्यंत पोचलाच नाही.

यात एक गंमत मला नेहमी वाटते. २०२० मधे गलवाननंतर भारताने टिकटॉक धरून ५९ चिनी ॲप्स बंद केली, पण चिनी फोन विकायला काही बंदी आली नाही, ते धडाक्यात विकले गेले. अमेरिकेने बरोबर उलटं केलं, चिनी फोन लांब ठेवले आणि टिकटॉक मात्र वर्षानुवर्षं चर्चा करत चालू ठेवलं. दोन्हीकडचे लोक आपापल्या सरकारचं धोरण किती तर्कशुद्ध आहे ते मला पटवून देतात. असो.

आता मेसेजचं प्रकरण. तिकडच्या लोकांना हे खरंच वाटत नाही, पण इथे आयफोन घेण्याचं एक मोठं कारण कॅमेरा नाही, चिप नाही, तर बुडबुड्याचा रंग आहे. इथे लोक फोनमधल्या आपल्या मेसेज ॲपवरच बोलतात. आयफोनवरून आयफोनला निळा मेसेज, अँड्रॉइड आला की हिरवा, आणि ग्रुपमधे एक जरी अँड्रॉइडवाला असला की वर्षानुवर्षं काय व्हायचं तर व्हिडिओ धुरकट यायचे, कोण टाइप करतंय ते दिसायचं नाही, ग्रुप तुटायचा. शाळकरी पोरांमधे तर हिरवावाला म्हणजे जरा बाहेरचाच. आमच्या शेजारच्या घरात मुलाने निव्वळ एवढ्यासाठी आईबापांमागे लकडा लावून फोन बदलून घेतला, आधीचा फोन अगदी धडधाकट होता. २०२२ मधे एका कार्यक्रमात एकाने ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांना विचारलं की मी आईला व्हिडिओ पाठवू शकत नाही, काहीतरी करा, तर उत्तर काय, आईला आयफोन घेऊन द्या. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी, पण मार्च २०२४ मधे अमेरिकेच्या न्याय खात्याने ॲपलवर मक्तेदारीचा खटला भरला तेव्हा त्यात हे मेसेजचं प्रकरण आलंच. त्या वर्षीच्या सप्टेंबरमधे आयओएस १८ बरोबर आरसीएस, म्हणजे साध्या मेसेजची सुधारलेली पद्धत, आयफोनवर आली, आता व्हिडिओ बरे जातात, टाइप करतानाचे टिंबही दिसतात. रंग मात्र हिरवाच ठेवलाय.

भारतात हे कुलूप लागतच नाही. तिथे सगळं गाव व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयने, आणि ही दोन्ही कुठल्याही फोनवर सारखीच चालतात. चीनमधे वुईचॅट या तिथल्या मेसेज आणि पैशांच्या ॲपमुळे तेच. म्हणजे तिथे आयफोनला निव्वळ फोन म्हणून उभं राहावं लागतं, कॅमेरा, टिकाऊपणा, विकताना येणारी किंमत आणि हो, रुबाब. शोऑफचा मुद्दा मी नाकारत नाही, पण तो फोनचा गुण नाही, आकड्यांचा आहे. जिथे थोड्यांकडे आहे तिथे तो मिरवता येतो, इथे ट्रेनमधे निम्मा डबा तोच फोन घेऊन बसलेला असतो, कोण कुणाला बघतंय.

मला खरं सांगायचंय ते हे की अमेरिकेत हातात येणारा प्रीमियम फोन गेल्या काही वर्षांत जिथे जिथे सुधारला, त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या स्पर्धेमुळे आलेलंच नाही. घडीचा फोन घ्या. सॅमसंगने २०१९ मधे पहिला फोल्ड आणला, आधी परीक्षण करणाऱ्यांच्या हातातच पडदे बिघडले, लाँच एप्रिलवरून सप्टेंबरवर गेलं, पण आणला, ती हिंमत मानायला पाहिजे. नंतर मात्र इथे त्यांना विचारणारं फारसं कोणी नव्हतं, तर फोन जाडजूडच राहिला. २०२४ चा फोल्ड ६ मिटल्यावर १२.१ मिलिमीटर, आणि त्याच सुमाराला ऑनरचा मॅजिक व्ही ३ होता ९.२. पुढच्या वर्षी सॅमसंगचा फोल्ड ७ एकदम ८.९ वर आला. सॅमसंगच्या इंजिनिअरना एका वर्षात साक्षात्कार झाला असं ज्याला मानायचं त्याने मानावं. मला तरी वाटतं की चीन, युरोप, आग्नेय आशियात ऑनर आणि मंडळींनी जीव नकोसा केला होता म्हणून तो बारीक झाला, आणि ज्या अमेरिकेत ऑनर विकतच मिळत नाही तिथल्या गिऱ्हाइकाला त्याचा आयता फायदा झाला.

चार्जिंगच्या पोर्टचं तेच. वर्षानुवर्षं ॲपल आपल्या लाइटनिंगला चिकटून होती, ब्रसेल्सने, म्हणजे युरोपियन युनियनने, कायदा केला की २०२४ च्या अखेरीपासून युरोपात यूएसबी-सीच पाहिजे, की सप्टेंबर २०२३ च्या आयफोन १५ ला जगभर यूएसबी-सी आलं. आता घरात एकच वायर पुरते. यात अमेरिकेचा काही हात नाही आणि स्पर्धेचा तर नाहीच, सरळ सरळ कायद्याचा बडगा.

आणि जिथे दबाव पोचला नाही तिथे काय झालं तेही बघा. सॅमसंगच्या अल्ट्रा फोनची बॅटरी २०२० च्या एस २० अल्ट्राला ५००० एमएएच होती, २०२५ च्या एस २५ अल्ट्रालाही ५०००. तेवढ्या काळात चिनी कंपन्या तेवढ्याच जागेत जास्त वीज साठवणारी सिलिकॉन-कार्बन बॅटरी घेऊन सहा हजारांवर गेल्या. सॅमसंगच्या एस २० ला २०२० मधेच १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा, पडदा होता, ॲपलने तो साध्या आयफोनला, म्हणजे प्रो सोडून खालच्या मॉडेलला, दिला सप्टेंबर २०२५ मधे. पाच वर्षं! पाच वर्षं लोक थांबले का? नाही, घेत राहिले, कारण छत्तीस महिन्यांचा करार आणि निळा मेसेज.

अगदीच एकतर्फी नको म्हणून सांगते, गूगलने ऑक्टोबर २०२३ मधे पिक्सेल ८ ला सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं आणि तीन महिन्यांत सॅमसंगने एस २४ ला तेच केलं. ही खरी स्पर्धा, तीही अँड्रॉइडवाल्यांची आपसातली, आणि इथल्या बाजारातही दिसलेली. असं इथे रोज झालं असतं तर मला लिहायचं कारण नव्हतं.

ग्रुपवरचा दुसरा आवडता वाद म्हणजे मेड इन इंडिया. इथे परवा मी एक खोका हातात घेतला, मागे बारीक अक्षरात असेंबल्ड इन इंडिया. आनंद झाला, का होऊ नये. मे २०२५ मधे टिम कुकनीच सांगितलं होतं की त्या तिमाहीत अमेरिकेत विकले जाणारे बहुतांश आयफोन भारतातून येतील, आणि दोनच आठवड्यांत ट्रम्प म्हणाले की तुम्ही भारतात कारखाने काढलेले मला नकोत. तिकडे यावर दोनच सूर, एक म्हणतो बघा चीनला मागे टाकतोय आपण, दुसरा म्हणतो हॅ, नुसते स्क्रू पिळतात. दोन्ही अर्धवट. चिप तैवानच्या टीएसएमसीची, पडद्यांमधे सॅमसंगचा मोठा वाटा, कॅमेऱ्याचा सेन्सर सोनीचा, म्हणजे स्क्रू पिळणं म्हणायचं तर चीननेही सुरुवात तिथूनच केली होती. आणि "आपल्याकडे बनतो तरी अमेरिकेत स्वस्त" ही जी तक्रार असते त्यात निम्मा दोष तुलनेचा आहे. भारतातल्या किमतीत १८ टक्के जीएसटी आत असतो, इथल्या पाटीवरच्या किमतीत कर नसतो, तो बिलावर चढतो. कॅरिअरचा "फुकट" तर हिशोबातच धरू नका. आणि ज्यांना येताना घेऊन ये म्हणायचंय त्यांच्यासाठी, आयफोन १४ पासून इथल्या आयफोनला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, आणि लॉक असला तर तिकडे तो शोभेचा.

मग भारतातल्या लोकांनी भांडायचं कशासाठी? माझ्या मते फोन कुणाचा भारी यापेक्षा तो किती वर्षं चालवता येईल यासाठी. संख्येने चीननंतरचा सगळ्यात मोठा बाजार आहे भारत, सगळ्या कंपन्या तिथे हात जोडून उभ्या आहेत, हे वजन अजून कुणी नीट वापरलेलं नाही. सरकारने २०२२ मधे राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं, कुठल्या कंपनीची दुरुस्तीची माहिती कुठे मिळेल वगैरे, ठीक आहे, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आहे की मॉडेलची विक्री थांबल्यावर पाच वर्षं तरी सिस्टीमचे अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के उरली पाहिजे. आणि फोनबरोबर फ्रिजसारखं लेबल येतं, दुरुस्तीला किती सोपा, पडल्यावर किती टिकतो याची श्रेणी, आणि बॅटरी किती चालते तेही. ग्रुपवर ज्या प्रश्नांसाठी दोन-दोनशे मेसेज पडतात त्यातले निम्मे तिथे खोक्यावर लिहिलेले असतात. तेच मॉडेल अमेरिकेत येतं, भारतात येतं, तिथे ते लेबल नसतं, आणि अमेरिकेत लगेच कुणी लावायला लावेल असं मला वाटत नाही. भारतात लावायला लावू शकतात.