शंभर पावलं आणि तुमची लेक

ताई, वाढत्या मुलींच्या व्यायामाला मिनिटाला शंभर पावलांचा वेग कमी पडतो, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "माझी नववीतली मुलगी शिकवणीला जाता-येता रोज सहा हजार पावलं चालते. मिनिटाला शंभर पावलं पुरेशी, असं सगळे सांगतात. तुम्हालाच ते कमी का वाटतं? आधीच धाप लागते तिला," असं तुम्ही लिहिलंत. तिच्या सहा हजार पावलांना मी मुळीच कमी लेखत नाही. पण शंभराच्या आकड्याबद्दल मी ठाम आहे.

तो आकडा मोठ्या माणसांच्या मोजमापांतून आलाय. वाढत्या वयातल्या मुलीची टांग लहान पडते, आईच्या बरोबरीनं चालायला तिला जास्त पावलं टाकावी लागतात. मध्यम व्यायाम व्हायचा तर तिची गती मिनिटाला साधारण ११० ते १२० पावलांच्या घरात हवी. उंची वाढेल तसा आकडा खाली येतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं सांगते, तीही मध्यम ते जोरदार हालचालीची. मैत्रिणींशी गप्पा मारत रमतगमत टाकलेली पावलं त्यात धरता येत नाहीत.

मात्र धाप लागण्याबद्दल मी लेखात लिहायलाच हवं होतं, ते राहिलं. ती माझी चूक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. मग मैत्रीण सहज चालते त्याच वेगात हिला दम लागतो. अशा मुलीला 'आळशी' म्हणत मैदानात पळवलेलं मी पाहिलंय, आणि त्याची चीड अजून जात नाही. तिची आधी रक्ततपासणी करा. हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलं तर डॉक्टरांना दाखवा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती खरंच घेते का, की मळमळतं म्हणून टाकून देते, हेही प्रेमानं विचारा. उपाशीपोटी घेऊ नये ती.

रक्त ठीक निघालं, तर एका संध्याकाळी तिच्याबरोबर चाला. १५ सेकंदांत तिची पावलं मोजा आणि चारानं गुणा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, असा मध्यम व्यायामाचा वेग तिला मिनिटाला किती पावलांवर सापडतो ते बघा, आणि मला जरूर कळवा.